गाठी बंद होणार म्हणे

तळ्याकाठच्या किसुमू शहराच्या बाजारात अवूरचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. परदेशातून वापरलेल्या कपड्यांच्या बांधलेल्या गाठी यायच्या. ती गाठ फोडायची, बरं-वाईट निवडायची आणि इस्त्री करून टांगायची. नवरा गेल्यापासून दोन्ही मुलींच्या शाळा याच दुकानावर चालल्या होत्या. आणि राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिलेले डॉ. वासिके गावोगाव सांगत सुटले होते, की निवडून आलो तर या गाठी बंदरातच अडवीन.

त्यात तिचे वडील ओपान्डे वासिकेंचे कट्टर माणूस. ते इथल्याच कापडगिरणीत सूतखात्यात होते. देशाचे दरवाजे जगाला उघडले, बाहेरचे कपडे आले आणि गिरणीला टाळं लागलं. तेव्हापासून लेकीच्या दुकानाला ते ‘मेलेल्या गोऱ्यांचं कपाट’ म्हणायचे.

"त्याच कपाटावर तुमची मक्याच्या पिठाची उगाली शिजते, बाबा," एकदा अवूर फणकारली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणंच बंद झालं.

मग वासिके बाजारातच आले. बायका आधीच तापल्या होत्या. "आमच्या पोटावर पाय द्यायला आलाय का?" असा एकच गलका झाला. वासिके जीपवर उभे राहून समजावत होते, "बायांनो, जगाने आपला कापूस मारला, गिरण्या मारल्या, आणि आता तेच जग आपल्याला अंगावरून उतरवलेले कपडे घालतंय..." पुढचं कुणी ऐकेना.

इतक्यात पक्षाची टोपी घातलेला एक म्हातारा जीपकडे निघाला. अवूरने त्याला ओळखलं. बाबा! आता हे सगळ्यांसमोर आपल्याच दुकानाला नावं ठेवणार.

ओपान्डेंनी ध्वनिक्षेपक मागून घेतला.

"साहेब, मत तुम्हालाच देणार. पण एक सांगतो. दरवाजे उघडले, तेव्हा आम्हा गिरणीवाल्यांना कुणी विचारलं नाही. रातोरात रस्त्यावर आलो. आता तुम्ही दरवाजे लावताय, तर या पोरींना कुणी विचारलंय? ती बघा, निळ्या छत्रीखाली उभी आहे ती माझी लेक. आधी गिरणी सुरू करा. आपलं कापड तिच्या दुकानात टांगलं जाऊ दे. मग गाठींचं बघू."

वासिकेंनी घाम पुसला.

"बाबा, माझं गणित उलट होतं," ते म्हणाले. "गाठी अडवल्या की गिरण्या आपोआप उठतील, असं मी धरून चाललो होतो."

"आणि उठेपर्यंत आम्ही काय खायचं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तेच," वासिके म्हणाले. "गिरण्यांचं कापड बाजारात येईपर्यंत एकही गाठ अडवणार नाही. रेडिओवाले, हे टिपून घ्या."

संध्याकाळच्या बातम्यांत ते शब्द जसेच्या तसे आले. त्यांच्याच पक्षातला एकजण लगेच कुरकुरला, पण वासिके मागे हटले नाहीत. अवूरने तेव्हा कुठे मोकळा श्वास सोडला.

ओपान्डे दुकानासमोर घुटमळत होते.

"काय बघताय? आत या की," ती म्हणाली.

"एखादा गरम कोट आहे का? सकाळी तळ्याकडून फार गार वारा सुटतो."

"मेलेल्या गोऱ्याचा चालेल?"

"मापात बसला तर चालेल," म्हातारा गंभीरपणे म्हणाला, आणि अवूर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली.