डोसाच्या दिवशी

पंचशीलाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. रोज सकाळी ते वाचायचो आणि परत पुस्तकात ठेवायचो. ती कधीकाळी माझ्या हाताखाली शिकली; आता एका लहान गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. मला फोनवर धड बोलता येत नाही हे ठाऊक असल्यानं तिनं पत्र पाठवलं होतं.

‘सर, मोहिनी नावाची बाई मनगट सुजलं म्हणून आली. मांडीवर तान्हं लेकरू. पाय घसरून पडली, असं तिचा नवरा हरिओमच सांगत होता. तिच्या गळ्यावर बोटांचे वळ होते. मी त्याला तिच्यासमोरच समज दिली. तो मान खाली घालून गेला. मला वाटलं, जमलं. त्यानंतर ती आलीच नाही. गावच्या आशाताईला तिच्या घरी पाठवलं, तर तिलाही घरच्यांनी दारातूनच परतवलं. माझ्या बोलण्याचा राग घरी तिच्यावरच निघाला असणार. आता तिला कसं गाठू?’

आपल्याकडे असंच करतात. नवऱ्याला समज द्यायची आणि बायकोला त्याच्याच मागं घरी धाडायचं. मी तरी वेगळं काय सांगणार? पुस्तकं काढली. बाईला एकटीला विचारा, असं सगळ्यांत होतं. पण एकटी सापडते कुठं? केस पेपर नवरा काढतो, दुखणं तोच सांगतो, खिडकीवरून गोळ्याही तोच घेतो. दोन ओळी लिहायचो आणि फाडायचो.

काल नातीचा लसीचा डोस होता. माझी बायको सारजाबाई तिला घेऊन अंगणवाडीत गेली. मागून पिशवी घेऊन मीही गेलो आणि आत कोपऱ्यात बसलो.

“अवो, तुमी कावून बसलाव हितं?” सारजाबाई म्हणाली. “भायेर व्हा.”

“मी डॉक्टर आहे.”

“असताल. बाया लेकरं पाजायल्यात. का तुमाला बी डोस पायजे?”

बाया खदखदल्या. मी पिशवी तिच्याजवळ ठेवून बाहेर आलो. लिंबाखाली नवरेमंडळी मोबाइल बघत उभी होती.

“आजोबा, तुमाला बी हाकललं?” एकानं विचारलं.

“हाकललं,” मी म्हणालो.

बराच वेळ उभा राहिलो. सुईनंतर बायांना थोडा वेळ बसवून ठेवतात. आत गप्पा चालल्या होत्या आणि एकही नवरा दाराकडे फिरकत नव्हता.

घरी येऊन एका बैठकीत लिहिलं.

‘पंचशीला, तुझ्या केंद्रात डोस असेल त्या बुधवारी तू स्वतः थांब. लेकराच्या डोसाला हरिओम तिला अडवणार नाही, बहुतेक. सासू सोबत असली तर वजन करायचं म्हणून मोहिनीला एकटीला आत घे. कोणी मारलं, असं विचारू नकोस. घरी भीती वाटते का, एवढंच विचार. नाही म्हणाली तर ऐकून घे. पुढच्या डोसालाही मी इथंच आहे, म्हण. हो म्हणाली तर तिला काय हवंय ते तिलाच ठरवू दे. मदतीचा नंबर लिहिलेला कागद हातात देऊ नकोस, घरी सापडेल. आणि आता हरिओमला काही बोलू नकोस. माझं चुकत असेल तर कळव.’

पोस्टातल्या रामकिसननं पाकीट तोललं.

“सर, स्पीड पोस्ट? फोन लावा की.”

“बुधवारच्या आत पोचेल ना?”

“सोमवारीच पोचतंय.”

मी पाकीट परत मागायला हात पुढं केला. ते ‘बहुतेक’ खोडावं असं वाटत होतं. पण खोडून काय लिहिणार?

“राहू द्या,” मी म्हणालो. त्यानं शिक्का मारला.