तापलेलं इंजिन

माझी मारुती एट हंड्रेड जुनी हाय, कार्बोरेटरची. देवळाली प्रवऱ्यात समदे म्हनत्यात, रामहरी, भंगारात घाल ते डबडं. तुमच्या बापाचं काय खाती का ती, म्हनतो मी. थंड असली की पयल्या सेल्फला चालू हुती. खोड एकच. तापल्यावर बंद पडली की लवकर चालू व्हत न्हाई. इंजिनाच्या धगीनं पेट्रोल कार्बोरेटरमदीच उकळतं आन् उतू जाऊन इंजिनात सांडतं. आत पेट्रोल जास्त, हवा कमी, मग ते पेटनार कसं? मानसं घाईघाईनं ॲक्सिलेटर हानत ऱ्हात्यात, तसं आनखी पेट्रोल जातं आन् गाडी आनखीच बसती. बॉनेट उघडं टाकून अर्धा-पाऊन तास गप बसायचं, ह्यो एक उपाय. दुसराबी हाय, मला चांगला येतो. पन आज तो करायचा नव्हता.

माझी लेक राजनंदिनी नगरला सावेडीत ऱ्हाती, तिसऱ्या मजल्यावर. दर रइवारी मी तिला भाजी आन् दूध घिऊन जातो. माझी मुक्ताबाई हुती तवा आमी दोघं वर जायचो. तिला कुनाच्या बोलावन्याची गरज नसायची, पिशवी उचलून सरळ जिना चढायची आन् मी तिच्या मागं. ती गेली आन् माझं वर जानंच तुटलं. आमच्यात लेकीच्या घरी बाप बोलावल्याबिगर जेवायला बसत न्हाई.

बोलावलं नव्हतं असं न्हाई. मुक्ता गेल्यावर पयल्याच खेपेला पोरगी खाली येऊन म्हनली, "वर या ना आप्पा." आन् मी शाना मानूस म्हनलो, "न्हाई गं, इंजिन तापलंय. बंद केलं तर चालू व्हनार न्हाई." खरं सांगायचं तर मला एकट्याला त्यो जिना चढायचं भ्या वाटलं. वर जाऊन रडलो असतो तर जावयासमोर काय इज्जत ऱ्हायली असती? फुडच्या रइवारी तिनं परत इचारलं, मी परत गाडीवर ढकललं. मग तिनं इचारायचंच सोडलं. आता मी हॉर्न वाजवतो, ती खाली येती, चालू गाडीच्या खिडकीतनं पिशवी घेती. "गोळ्या घेता ना?" "व्हय." झाली आमची भेट.

घरी लई सुनं वाटतं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी कुनाला सांगावं? म्हनून ह्या रइवारी ठरवलं, काय बी झालं तरी वर जायचं आन् लेकीच्या हातचं बसून खायचं. तोंडानं मागायची लाज वाटती. मग गाडीच बंद पाडायची. अर्धा-पाऊन तास पोरगी बापाला उन्हात थोडीच बसवनार हाय?

राहुरीपासून उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत आलो, त्यामुळं इंजिन झकास तापलं हुतं. बिल्डिंगीखाली हॉर्न दिला. ती खाली आलेली दिसली तसा गिअरमदीच क्लच फटकन सोडला. गाडी एक गचका खाऊन बंद पडली. मग सेल्फ मारत ॲक्सिलेटर मुद्दाम धडाधडा हानला. पेट्रोलचा वास सुटला तवा माझा जीव भांड्यात पडला.

"बसली गं," मी म्हनलो. "आता अर्धा-पाऊन तास तरी काय चालू व्हत न्हाई."

"थांबा आप्पा, अमृतला बोलवते," ती म्हनली आन् फोन लावला.

जावई म्हंजे सोन्यासारखा पोरगा, उगं वाईट बोलायला जागा न्हाई. पायात स्लीपर घालून पळतच आला, हातात ओलं फडकं. "मामा, काही काळजी करू नका. मोबाईलवर बघितलंय मी." बॉनेट उघडून त्यानं फडकं इंजिनाला पेट्रोल देनाऱ्या पंपावर गार करायला टाकलं आन् मला बाजूला करून गाडीत बसला. "ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबून धरायचा, वरखाली करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. म्हणजे आत हवा जाते."

त्योच माझा दुसरा उपाय. मी मनातल्या मनात म्हनलो, देवा, निदान बॅटरी तरी उतरव. पन कसलं काय, गाडी धा-बारा येळा खरखरली, काळा धूर सोडला आन् चालू झाली.

अमृतराव लई खूश झाले. दार धरून उभे. "बसा मामा. आता मधे कुठं बंद करू नका, थेट घरच गाठा." एवढ्या मायेनं कुनी म्हनल्यावर न्हाई कसं म्हनायचं? बसलो.

तो बॉनेट लावाया फुडं गेला तशी राजनंदिनी खिडकीत वाकली. हळूच म्हनली, "आप्पा, हे तर तुम्हाला येतं. मी शाळेत होते तेव्हा राहुरीच्या बाजारात तुम्हीच अशी चालू केली होती. ॲक्सिलेटरवर माझाच पाय होता."

"आसंल. इसरलो."

मुक्ताची लेक ती, तिला न कळायला काय झालं? समदं कळलं तिला. तिचे डोळे भरून आले, तोंडबी उघडलं. मी किल्लीवर हात ठिवला. नुसतं "वर या" म्हनली असती तर तिथंच गाडी बंद केली असती.

"राजू, चल," जावई फाटकातनं म्हनला. "वर आई-बाबा पानं वाढून बसलेत."

तिनं खिडकीवरचा हात काढला. "सावकाश जा आप्पा," म्हनली. "पोचलात की फोन करा."

"व्हय," म्हनलो. गाडी चालूच हुती, निघालो.