मकान बंद

"काहो भाऊ, माझं घर बंद आहे काय?"

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक पार्सल देऊन अंबादास गाडीकडे वळला, तेवढ्यात इंदिराकाकूंनी त्याची वाटच अडवली. काकूंना ऐकू कमी येई, त्यामुळे त्यांचा आवाज जबलपुरातल्या खमरियाच्या फॅक्टरीच्या भोंग्यावर वरताण. हातात मोबाईल, आणि मोबाईलवर कुरिअर कंपनीचा निरोप, तीन दिवसांत तीनदा आलेला: 'हम आए थे. मकान बंद था.'

"काकू, त्याचं काय आहे..."

"मुलगा फॅक्टरीत जाते, सून शाळेत. मी दिवसभर इथंच बसून राहते. ठोठावलेलं ऐकू येत नाही म्हणून दार सताड उघडं ठेवते. बहिरी मी आहो, माझं दार नाही! अन् घर बंद काहून लिहिता? घर बंद कोणाचं पडते, मालूम आहे ना? ज्याच्या मागं दिवा लावाले कोणी उरत नाही, त्याचं!"

अंबादासला मालूम होतं. त्याची आई बाहेर निघताना 'घर बंद कर' असं कधी म्हणाली नाही. 'दार ओढून घे' म्हणायची.

पार्सलात काकूंचं कानाचं मशीन होतं, पुण्याच्या मुलीने पाठवलेलं. तीनदा 'बंद' लागलं की माल परत, असा कंपनीचा नियम. आणि खरी गोष्ट अशी की त्या तीन दिवसांत अंबादास या दाराकडे फिरकलाच नव्हता. कंपनीच्या गोहलपुरच्या गोदामातून पूर्वी माणशी रोज साठ पार्सलं निघत, आता एकशेदहा. संध्याकाळचे सहा वाजले की सुपरवायझर शुक्लाजी उरलेल्या मालावर कॉम्प्युटरवरून 'मकान बंद' ठोकून देत, आणि नाव लावत त्या त्या माणसाचं. गेल्या महिन्यात अंबादासच्या नावावर जबलपुरातली तीनशे घरं बंद पडली होती. तो गप्प बसला होता. पोट कोणाला सुटलंय? पण आजवर असं समोर उभं राहून कोणी जाब विचारला नव्हता. कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली त्याला.

"आणून देतो," तो म्हणाला. काकूंना ऐकू गेलं नाही. मग त्याने स्वतःचा कान धरून दाखवला. त्याला म्हणायचं होतं मशीन. काकूंना वाटलं माफी मागतोय. दोन्ही खरंच होतं.

मशीनचा डबा गोदामात परतीच्या ढिगात सापडला.

"अंबादासजी, वो रिटर्न हो चुका है. रख दो," शुक्लाजी खुर्चीतूनच म्हणाले.

"मकान खुला है. मैं देखके आया."

"सिस्टम में बंद है."

"मग सिस्टमले पाठवा खमरियाले! म्हातारी दार उघडून बसून राहिली तिथं!" रागात तो मराठीवर आला. शुक्लाजींना शब्द कळले नाहीत, सूर कळला.

"बाहर ले गए तो चोरी लिखूँगा."

"लिखो. झूठ लिखने में तो आपका हाथ बैठ गया है."

डबा काकूंच्या हातात पडला. सही घेऊन अंबादासने आपला नंबरही त्यांना लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या फळ्यावर त्याचं नाव होतं: चोरी, काम से बाहर. माल निवडणाऱ्या बेबीताईंनी ते वाचलं आणि हातातला डबा खाली ठेवला.

"अंबादास चोर, तर आपण सगळेच चोर. चलो, ठेवा खाली."

चाळीस माणसं रस्त्यावर आली. मागण्या दोनच: अंबादासला परत घ्या, आणि आमच्या नावावर कोणाचं घर बंद करू नका. कंपनीने उत्तर दिलं ते कुलपाने. दुसऱ्या दिवशी शटर खाली.

बंद घरांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक कंपनीनेच दिलेलं, अंबादासच्या पिशवीत पडून होतं. त्याने एक चिठ्ठी फाडली. 'पहली बार आए. मकान बंद था.' जेवणाच्या डब्यातल्या भाताची चार शितं काढून ती शटरवर चिकटवली.

"बाप्पा, कंपनीची पहिली खरी चिठ्ठी ही!" बेबीताई म्हणाल्या, आणि चाळीस माणसं हसली. त्याच्या पुढच्या दिवशी दुसरी लागली.

तिसऱ्या सकाळी शुक्लाजी रस्त्यापलीकडे येऊन उभे राहिले.

"अंबादासजी, तीसरी के बाद क्या होता है, पता है ना? सब वापस. नए लड़के आ रहे हैं."

अंबादासच्या मनात आलं, घरी सांगायचं काय? तेवढ्यात इंदिराकाकूंचा फोन आला.

"काकू, मशीन बसलं काय?" तो सवयीने ओरडला.

"ओरडता काहून, भाऊ? ऐकू येऊन राहिलं न!"

त्याने फोन खिशात टाकला आणि चिठ्ठी लिहिली. 'तीसरी बार आए. मकान बंद था.' खाली स्वतःचं पूर्ण नाव, अंबादास बळीराम ठाकरे. त्याखाली आणखी एक ओळ: 'माल वापस नहीं जाएगा.'

शितं अंगठ्याने नीट दाबली. मग चाळीसही जण शटरसमोर, दाराकडे तोंड करून बसले.