यात काही विशेष नाही

"बाबा, त्या फुलदाणीवर क्लिक करून बघा," लेक म्हणाली.

पेंटरांनी माउस सरकवला. पडद्यावरच्या गुप्तहेरानं फुलदाणीत कोपरापर्यंत हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. जेवणं उरकून सुरू केलेला किल्लीचा शोध चहाची वेळ टळून गेली तरी संपत नव्हता.

गंमत अशी, की या खुनाच्या गेममधली सगळी घरं, गल्ल्या, जिने पेंटरांनीच रंगवलेले. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या या माणसाला वीस-बावीस वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीनं चित्रं काढायला बोलावलं होतं. चित्रं दिली, विषय संपला. गेम खेळून बघायचं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे आता स्वतःच काढलेल्या दारासमोर ते ताटकळत उभे होते, आणि दाराआड त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर होतं.

खून झालेल्या माणसाचं स्वयंपाकघर कसं असतं, हे सुचेना म्हणून त्यांनी आपलंच काढलं होतं, भांड्याकुंड्यांसकट. पुढच्याच वर्षी बायको गेली. मग घरही रस्तारुंदीत गेलं. लेक तेव्हा तीन वर्षांची. आईचा चेहरा तिला फोटोतून माहीत होता, पण आई वावरायची कुठे, हे काही केल्या आठवत नव्हतं. स्वयंपाकघराचा फोटो कोण काढून ठेवतं? म्हणून तिनं कुठूनसा हा गेम पैदा केला आणि नव्या कॉम्प्युटरवर तो चालता करण्यात दोन रविवार घातले.

किल्ली अखेर मेलेल्याच्या बुटात सापडली. दार उघडलं.

आत सगळं काळंनिळं. "इतकं अंधारं होतं?" लेकीचा चेहरा पडला.

"छे गं! मी लख्ख उजेड काढला होता. साहेब म्हणाले, घरात मुडदा पडलाय आणि हा उजेड कसला? मग फासला वरून निळा रंग. अगदी जिवावर आलं होतं."

लेकीनं ओट्याजवळच्या स्टुलावर क्लिक केलं. "यात काही विशेष नाही," गुप्तहेर घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"फळीपर्यंत हात पुरायचा नाही तुझ्या आईचा. त्यावर चढायची. मी ओरडायचो, ती दाद द्यायची नाही."

लेकीनं फळीवरचा डबा दाबला. "यात काही विशेष नाही."

"त्यात तुझी बिस्किटं लपवायची. माझ्यापासून!"

खिडकी. दोरीवरचं फडकं. कान तुटलेला कप. गुप्तहेराला कशातच काही दिसेना, आणि पेंटर तर थांबायचं नाव घेईनात. लेक हसत होती आणि डोळे पुसत होती.

शेवटी टेबलाखाली सुरा चमकला. लेकीनं या गेमबद्दल वाचलं होतं. "बाबा, हा उचलला की खुनी कळतो. पण मग पोलीस खोली सील करतात. परत येता येत नाही."

"मग राहू दे पडलेला."

"आणि खुनी?"

"फिरू दे मोकळा. त्यानं माझं काय घोडं मारलंय?"

लेकीनं माउस बाजूला सारला. "कपाचा कान कुणी तोडला?"

"तूच की!" पेंटर म्हणाले, आणि सांगत राहिले. बराच वेळ कुणी काहीच दाबलं नाही, तेव्हा पडद्यावरच्या गुप्तहेरानं डोक्यावरची हॅट काढली आणि ती दोन्ही हातांत धरून तो त्या स्वयंपाकघरात नुसताच उभा राहिला.