पांढऱ्या शाईची राखण

बाबा म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. पस्तीस वर्षं ऑफिसातून सगळ्यांत शेवटी तेच निघायचे, आणि निघताना खोल्याखोल्यांतून फिरून एकेक दिवा, एकेक पंखा बंद करायचे. ते निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त झाला नाही. घरात कुणी खोलीतून उठायचा अवकाश, यांनी बटण दाबलंच म्हणून समजा.

मुलगी सासूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस परगावी गेली, तेव्हा टी-शर्टवर छपाई करायचं तिचं मशीन बाबांच्या हवाली करून गेली. चांगली नोकरी सोडून त्या मशीनच्या जिवावर तिनं धंदा मांडला होता. "बाबा, पांढऱ्या शाईचे फार नखरे. तिचा गाळ खाली बसतो," असं म्हणून तिनं रोजची कामं कागदावर लिहून भिंतीला चिकटवली. बाबांनी ती अगदी जीव लावून केली. शाईची बाटली मोजून साठ वेळा हलवली, शाई सोडणाऱ्या हेडखालची रबरी टोपी ओल्या बोळ्यानं पुसली, हवा कोरडी पडू नये म्हणून ओलं फडकं टांगलं. आणि सगळं उरकलं की भिंतीवरचं बटण बंद केलं. काम नसताना मशीन चालू कशाला ठेवायचं?

आता त्यांना कोण सांगणार, की मशीन नुसतं बसलेलं दिसलं तरी हेडमधली शाई सुकू नये म्हणून दर काही तासांनी आपलं आपण ती फिरवत असतं. कागदावर ते नव्हतं. बटण बंद करू नका, हेही लिहावं लागेल असं मुलीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

परत आल्या आल्या तिनं काळ्या कापडावर टेस्ट प्रिंट काढली. पांढऱ्या रेघांची जाळी उमटायला हवी होती. उमटल्या चार तुटक्या रेघा. तिनं मशीनला हेड साफ करायला लावलं. रेघा तीन झाल्या. पुन्हा साफ केलं, दोन राहिल्या. शाळेच्या धावपटूंचे साठ काळे शर्ट टेबलावर घड्या घालून तयार होते आणि शर्यत परवावर आली होती. तिची ही पहिलीच मोठी ऑर्डर. बाबा दाराशी उभे होते. हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना.

शेवटी तिनं मेकॅनिकला फोन लावून स्पीकर सुरू केला.

"ताई, मधे मशीन बंद होतं का?" त्यानं विचारलं.

"छे. बाबा होते ना इथे. एक वेळ मी चुकेन, ते नाही चुकायचे."

बाबा दारातून आत आले. ते गप्प बसले असते तर सगळं खापर शाईवर फुटलं असतं. पण गप्प बसणाऱ्यांतला हा माणूस नव्हता, हीच तर पंचाईत.

"बंद होतं," ते म्हणाले. "रोज मीच करत होतो."

मेकॅनिक हलक्या आवाजात म्हणाला, "मग आता साफ करत बसू नका, ताई. हेड गेलं. नवीन यायला महिना तरी लागेल."

तिनं फोन ठेवला. चिडली नाही. हिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं बाबांना वाटलं. ती कोरेच शर्ट शाळेला परत करायला मोठ्या पिशवीत भरू लागली.

"आण इकडे. मी जातो शाळेत, मी सांगतो त्यांना," बाबा म्हणाले.

ती थांबली. "काय सांगणार, बाबा?"

बाबांनी पिशवीकडे नेलेला हात मागे घेतला. खरं सांगावं तर पोरीच्या धंद्याचं नाव जाणार, आणि खोटं बोलायला ते या वयात कुठून शिकणार होते? ती क्षणभर वाट बघत उभी राहिली. मग पिशवी उचलून एकटीच गेली.