एक जूनचे शशिकांतराव

"हे खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री पटत नाही." नव्याकोऱ्या फोनने पुन्हा तेच इंग्रजीत सुनावलं, तसे शशिकांतराव वैरागडे खुर्चीवरून ताडकन उठले, खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

"माझं नाही तर काय तुझ्या बापाचं आहे?" त्यांनी फोनला विचारलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. बाहेर अमेरिकेतल्या एडिसन गावच्या त्या गल्लीत शेजारी बर्फ उपसत होता आणि त्याच्या फावड्याचा खरखराट थेट डोक्यात जात होता.

चूक त्यांचीच होती. जुना द्या, नवा घ्या असली योजना दिसली की शशिकांतरावांचा हात आवरत नाही. काल जुन्या फोनमधलं सगळं पुसून तो दुकानात देऊन आले. पण नव्या फोनवर खातं उघडायला गेल्यावर कंपनीला संशय आला आणि दार बंद झालं.

गंमत अशी की या माणसाने अख्खी नोकरी एका विमा कंपनीच्या हेल्पडेस्कवर काढली होती. लोकांची बंद पडलेली खाती उघडून द्यायची, हेच काम. आणि नियमात बसलं नाही तर, "सॉरी मॅडम, सिस्टिम परवानगी देत नाही," हे नागपुरी वळणाच्या इंग्रजीत सांगायचं. आता तेच वाक्य त्यांच्या अंगावर उलटलं होतं आणि ते सांगायला समोर माणूससुद्धा नव्हता.

खात्यात पैसाअडका नव्हता. बायकोचा, उल्काचा आवाज होता. तिला फोनवर टाइप करायचा मनस्वी कंटाळा. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावरच्या नवऱ्यालासुद्धा ती बोलूनच निरोप पाठवायची. शशिकांतरावांनी स्वभावाप्रमाणे ते सगळे जपून ठेवले होते. ती गेल्यावर त्यातला एक त्यांनी सकाळच्या गजराला लावला. लोकांचा गजर किणकिणतो, यांचा रागवायचा. "अहो, गोळी घेतली का? नुसतं हो म्हणू नका."

आज स्वयंपाकघर गप्प होतं. रक्तदाबाची गोळी बशीत, शेजारी पाण्याचा पेला. ती विचारेल तेव्हाच घेईन, असं म्हाताऱ्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. हट्टाला अमेरिकेत औषध नाही.

ओळख पटवायचा सहा आकडी नंबर कुठल्या फोनवर पाठवला हे कंपनी सांगत होती, त्या फोनचे शेवटचे दोन आकडे दाखवून. ते पाहून शशिकांतरावांनी कपाळावर हात मारला. उल्काचं नागपूरचं सिम! भारतातल्या बँकेसाठी चालू ठेवलेलं; खातं उघडून देताना तिने तोच नंबर दिला असणार. तीच आठवणीने रिचार्ज करायची. तिच्यामागे ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही, आणि नंबर केव्हाच दुसऱ्या कुणाचा झाला होता.

नागपुरात संध्याकाळ झाली असणार. त्यांनी फोन लावला. एका मुलीने उचलला.

"हॅलो, कोण बोलून राहिलं?"

"बाळ, मी अमेरिकेतून बोलतोय. तुझ्या फोनवर आत्ता एक नंबर आला असेल. सहा आकडी. तेवढा वाचून दाखव."

 "ओटीपी?"

"हो, हो! तोच."

"काका, आवाजावरून चांगल्या घरचे वाटता. हे धंदे काऊन करून राहिले?"

"अगं, तसं नाही. हा नंबर माझ्या बायकोचा होता."

"मागच्या खेपेला एकाची बहीण दवाखान्यात होती. तुमच्या बायकोला काय झालं?"

"ती गेली."

"मेलेल्या माणसाचं नाव घेता?" मुलगी चिडली. "लाज वाटू द्या थोडी." फोन बंद झाला.

शशिकांतरावांना तिचा राग आला नाही. मागच्या वर्षी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ज्येष्ठांसमोर त्यांनी स्वतःच भाषण ठोकलं होतं, ओटीपी सख्ख्या भावालाही देऊ नका म्हणून. पोरगी शहाणी होती. पण तिच्या शहाणपणाने ते पार खचले. चहा टाकला आणि तो उतू गेल्यावरच त्यांना आठवला. जॅकेट चढवून अर्धा ड्राइव्हवे साफ केला, फावडं तसंच बर्फात खुपसून घरात आले आणि ओल्या बुटांनीच टेबलाशी बसले.

दुसरा एकच मार्ग होता. खातं उघडताना दिलेली जन्मतारीख सांगा. तीन वेळा चुकलात तर खातं कायमचं बंद.

यात काय अवघड? त्यांनी एक जून टाकली. पासपोर्टवर तीच, लायसन्सवर तीच. ज्या गुरुजींनी त्यांना शाळेत घातलं त्यांनी प्रवेश बसावा म्हणून वर्ष तेच ठेवून तारीख एक जून ठोकून दिली होती. त्या पिढीत अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय. मंडळाच्या ज्येष्ठ गटात त्या दिवशी एकच केक कापतात आणि त्यावर नावं मावत नाहीत.

चूक, असं फोन म्हणाला.

म्हणजे खातं उल्काने उघडून दिलं तेव्हा तिने स्वतःची तारीख टाकली असणार. त्यांनी तिची टाकली. तीही चूक. आता एकच संधी उरली. त्यांनी फोन उपडा ठेवला आणि लॅपटॉपवरून हर्नडनला राहणाऱ्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, डोन्ट टच एनीथिंग," सगळं ऐकून नेत्रा म्हणाली. ती ऑफिसमध्येच होती. "आईने रँडम डेट टाकली नसणार. शी वॉज नॉट लाइक दॅट. तुमचा रियल बर्थडे कधी असतो?"

"मला काय ठाऊक? आमच्या आईला तारखा कुठे कळायच्या! म्हणायची, तू वसुबारसेचा, गाईवासराच्या दिवशीचा."

"बट दॅट मूव्ह्ज, राइट? दिवाळीसारखं?"

"हो ना. दरवर्षी वेगळ्या तारखेला येते."

 नेत्रा हळूच म्हणाली, "बाबा, बासुंदी."

"काय बासुंदी?"

"आई नोव्हेंबरमध्ये बासुंदी करायची. एव्हरी सिंगल इयर. व्हेटरन्स डे इलेव्हन्थला असतो ना, त्याच्या आदल्या दिवशी. मला पक्कं आठवतं, बिकॉज दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी असायची अँड आय कुड ईट टिल आय वॉज सिक. मी तिला विचारलं होतं, कशासाठी? शी सेड, सहजच. बाबांना सांगितलं तर थेरं म्हणतील."

शशिकांतरावांना जुनं घर आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूसुना माजघरात कुजबुजत बसायच्या. यांना वाटायचं, आपल्या कागाळ्या चालल्यात. तिथेच तिने सासूकडून तिथी काढून घेतली असणार, आणि कुठल्यातरी जुन्या पंचांगातून त्या वर्षीची तारीख. सरकारला, शाळेला, खुद्द त्यांना जी ठाऊक नव्हती ती तारीख ही बाई संसारभर सांभाळून होती. दरवर्षी ताटात वाटी यायची. "गोड कमी झालंय का हो?" ती विचारायची. "ठीक आहे," ते पेपरातून मान वर न करता म्हणायचे. आज त्या दोन शब्दांची त्यांना विलक्षण लाज वाटली.

"टाका, बाबा," नेत्रा म्हणाली. "आय ॲम हिअर."

त्यांनी दहा नोव्हेंबर टाकली. पडद्यावर चक्र फिरत राहिलं आणि मग दार उघडलं. उल्काचे सगळे निरोप एकाखाली एक, जसेच्या तसे.

नेत्राने डोळे पुसले आणि मीटिंग आहे म्हणून ती गेली. शशिकांतराव मात्र गजराचा निरोप सोडून दुसरंच शोधू लागले. तारखांवरून बोट खाली खाली नेत शेवटी एका दहा नोव्हेंबरपाशी ते थांबले. हा निरोप त्यांनी तेव्हा एकदाच ऐकला होता, नंतर पुन्हा कधी लावला नव्हता. नुसता सौदासामानाचा म्हणून.

सौदासामानाचाच होता. मागे नळाचं पाणी वाहत होतं आणि उल्का घाईत होती.

"अहो, येताना दूध आणा. दोन गॅलन आणा. कशाला ते विचारू नका."

त्यांनी दूध आणून दिलं होतं. विचारलं नव्हतं. बायकोने सांगितलं विचारू नका, म्हणून यांनी आयुष्यभर काही विचारलंच नव्हतं.

"कशाला गं?" शशिकांतराव मोठ्याने म्हणाले.

निरोप संपला होता. शेजाऱ्याचं फावडंही थांबलं होतं.  मग कुणी न विचारता त्यांनी बशीतली गोळी उचलली आणि सकाळपासून भरून ठेवलेल्या पाण्याबरोबर घेतली.