चौथी वायर

टेलिफोनच्या लाइनी जोडण्यात चौतीस वर्षं घालवून लाइनमन निवृत्त झाला आणि आठवड्याभरात घरातला प्रत्येक पंखा, प्रत्येक बटण दुरुस्त करून बसला. न बिघडलेलीसुद्धा! त्यामुळे लेकीने एक चित्र पुढ्यात ठेवलं तेव्हा त्याला हायसं वाटलं.

लेक वैद्यकीय कॉलेजात शिकवायची, पण हंगामी. सोमवारी विभागप्रमुख बाई तिच्या तासाला मागे बसणार होत्या, आणि नोकरी कायम की घरी, हे त्यावरच ठरणार होतं.

"बाबा, मेंदूचा देठासारखा भाग खाली मानेकडे उतरतो ना, तो ब्रेनस्टेम. डोळे हलवणारी केंद्रं तिथे असतात. दोन्ही बाजूंना तीन-तीन. तिसरं, चौथं आणि सहावं. प्रत्येकातून एक नस निघते. वर्गात दाखवायला याचं मॉडेल हवंय. बटण दाबलं की बरोबर तो डोळा फिरला पाहिजे. जमेल?"

"अगं, हे तर एक्स्चेंजच झालं! सहा लाइनी म्हणजे माझ्या हातचा मळ."

एका फळीवर टेबल-टेनिसच्या चेंडूंचे डोळे बसले, खेळण्यातल्या मोटारी लागल्या. डोळ्यांतल्या बाहुल्यांसाठी त्याने दोन जुने कॅमेरे फोडून त्यांच्या लहानमोठ्या होणाऱ्या झडपा काढल्या. तिसऱ्याची बटणं दाबली की दोन्ही डोळे नाकाकडे वळायचे आणि बाहुल्या बारीक व्हायच्या, जवळचं वाचताना होतात तशा. स्वारी स्वतःवरच खूश झाली.

फक्त एका ठिकाणी तो थबकला. चित्रात चौथ्या नंबरच्या दोन वायरी मागून निघून एकमेकींना ओलांडत होत्या. उजवीकडची डाव्या डोळ्याला, डावीकडची उजव्याला. असल्या जोडणीवरून त्याने खात्यात भल्याभल्यांची खरडपट्टी काढली होती. पोरीचा हात घाईत चुकला असणार. उगाच तिला ओशाळं वाटायला नको, म्हणून त्याने गुपचूप दोन्ही सरळ केल्या.

सोमवारी तो शेवटच्या बाकावर बसला, शेजारी विभागप्रमुख बाई. तिसऱ्याला वर्गाने टाळ्या दिल्या. सहाव्याला डोळा झोकात बाहेर वळला.

"आता उजवं चौथं केंद्र," लेक म्हणाली. "डावा डोळा नाकाकडे असेल तर तो खाली वळेल."

खाली वळला तो उजवा. वर्गात खसखस पिकली. लेकीने वायरींकडे पाहिलं, मग बापाकडे. आपल्या शहाणपणाने पोरीची नोकरी घालवली, एवढंच त्याला कळलं, आणि तो ताडकन उठला.

"चित्र बरोबर होतं. वायरी मी सरळ केल्या. तिची काही चूक नाही."

सगळ्या माना मागे वळल्या. लेकीला आधी घाम फुटला आणि मग चक्क हसू.

"बसा बाबा," ती म्हणाली आणि वर्गाकडे वळली. "मेंदूतून निघणाऱ्या नसांमध्ये ही एकटीच पूर्ण बाजू बदलते. माझ्या बाबांना ते पटलं नाही. तुम्हाला पटतंय?"

"पण मॅडम, बदलते कशाला?" एकीने विचारलं.

"खात्रीने सांगणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही."

मग जो गलका उठला! घंटा झाली तरी कोणी हलेना. विभागप्रमुख बाई पुढे आल्या, त्यांनी तेच बटण दोनदा दाबून पाहिलं.

"ही नस आता हा वर्ग जन्मात विसरणार नाही," त्या लेकीला म्हणाल्या. "तुमचं कायम नोकरीचं पत्र या आठवड्यात काढते."

लाइनमनने डोळे पुसले आणि खिशातली पक्कड काढली. "दोन मिनिटांत नीट करून देतो."

"हात लावू नका!" बाई म्हणाल्या. " हे असंच कपाटात राहील. दर वर्षी मुलांनी चूक शोधायची."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

लेकीने तोवर चिठ्ठी लिहून फळीवर चिकटवलीसुद्धा: 'जोडणी: बाबा. चूक: एक.'

"पुढे 'मुद्दाम' असं लिही ना," तो हळूच म्हणाला.

"मुळीच नाही," असं म्हणत तिने भर वर्गात त्याला मिठी मारली.